चाकावरच्या ठिपक्याची वाट

बाबा,

गेला आठवडाभर मी शाळेतून घरी आले की संगणकावर एक चाक फिरवत बसते आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत तुम्हाला सांगावं असं बरंच काही घडलं. पण हे चाक फिरायला लागलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तुम्ही इथे दारव्ह्याला माझ्या मागे खुर्ची ओढून बसायला हवे होतात. तुमच्याशी मी अशा पुस्तकी भाषेत कधी बोलले नाही हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं वर्गात बोलून जीभ अशी वळली आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सरळ सांग न वं, भाषण कायले देऊन राह्यली?" सरळच सांगते.

जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी मिळून मुलांसाठी एक पुस्तिका काढायचं ठरवलं. चित्रं काढण्याचं काम माझ्याकडे आलं. आता कंपास-पट्टी घेऊन चित्रं काढत नाहीत. एक सॉफ्टवेअर आहे. त्यात काढलेली आकृती जागची हलते. त्रिकोणाचं एक टोक बोटाने ओढलं की त्रिकोण लांबतो, कोन बदलतात, आणि बदलणारा प्रत्येक आकडा तिथल्या तिथे दिसतो. अशी हलती आकृती पुस्तिकेत छापायची तर तिचं एक स्थिर चित्र बाहेर काढावं लागतं. मुलांच्या मोबाइलवर पाठवायची असेल तर हलतं चित्र बाहेर काढता येतं. आम्ही त्याला एक्सपोर्ट करणं म्हणतो. पुस्तिकेत नेहमीची प्रमेयं होतीच. शेवटच्या पानावर गंमत म्हणून काहीतरी द्या, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि मी विचार न करता बोलून गेले, "गाडीचं चाक घेऊ. चाकावरचा एक ठिपका कुठून कसा जातो ते दाखवू."

राळेगावचं आपलं सुतारकामाचं दुकान आठवतं. एस.टी. स्टँडच्या मागे, पुढे टिनाची पडवी, आत बाभळीच्या लाकडाचा तो आंबूस वास. मी शाळेतून येताना आधी दुकानात डोकावायचे. तुम्ही उकिडवे बसलेले, मांडीवर चाकाचा तुंबा, आरे बसतात तो मधला ठोकळा, कानामागे पेन्सिल. केसांत भुसा. गावात तुमच्यासारखं चाक कोणाला जमत नव्हतं, असं लोक म्हणायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त धावेचा दिवस आवडायचा. चाकावर चढवायची ती लोखंडी पट्टी, धाव, लोहाराकडे जाण्याआधी तुम्ही तिचं माप घ्यायचात. पट्टी जमिनीवर लांब पसरायची, चाकाच्या कडेला खडूने एक ठिपका द्यायचा, तो ठिपका पट्टीच्या टोकावर टेकवायचा आणि चाक हळूहळू पट्टीवरून ढकलत न्यायचं. ठिपका पुन्हा जिथे टेकेल तिथे खूण. त्यातून दोन बोटं कमी करायची, म्हणजे तापवून चढवलेली धाव थंड झाल्यावर आवळून बसते.

मी आठवीत होते. शाळेत नुकतंच बावीस सप्तमांश शिकवलं होतं. मी तुमच्या मोजपट्टीने चाकाचा व्यास मोजला, वहीत गुणाकार केला आणि तुम्ही खूण करायच्या आधीच सांगितलं की इथे टेकेल. जिथे सांगितलं तिथून बोटभर पुढे टेकला. तुम्ही त्या बोटभर अंतराकडे पाहिलं, मग माझ्या वहीकडे, आणि मग त्या दिवशी दुकानात जो येईल त्याला सांगत सुटलात, "पोरीनं चाक न फिरवता माप काढलं." कापूस घेऊन आलेल्या गाडीवाल्यालाही सांगितलंत. त्याला काही कळलं नाही, पण तो चांगलं हसला.

त्याच दिवशी मी विचारलं, "बाबा, थो ठिपका इथून उठला अन् तिथं टेकला. मधात कसा गेला?"

तुम्ही म्हणालात, "तुले काय वाटते?"

"गोल गेला. चाक गोल हाये न."

"गोल नाई जात."

"मंग कसा जाते?"

तुम्ही हवेत बोट फिरवून दाखवलंत. मला ते पटलं नाही. मी म्हटलं की चाक गोल आहे तर ठिपकाही गोलच जाणार, आमच्या पुस्तकात वर्तुळ आहे. पुस्तकाचं नाव निघालं की तुम्ही कधी वाद घालत नव्हतात. तेव्हाही नाही घातला. नुसतं म्हणालात, "रविवारी दाखवतो."

रविवारी तुम्ही एक नवं चाक, धाव न चढवलेलं, ढकलत शाळेपर्यंत नेलं. मी मागे मागे. शाळेला कुलूप होतं, पण बाहेरचा ओटा मोकळा होता. लांब, सपाट ओटा, त्याला लागून लांब भिंत. अशी सरळ जागा गावात दुसरीकडे नव्हती, म्हणून तिथे. तुम्ही चाकाच्या कडेला सुतळीने एक कोळसा बांधलात, त्याचं टोक भिंतीला घासेल असा. मग चाक भिंतीला चिकटवून उभं धरलंत आणि मला म्हणालात, "चाकाकडं पाहू नको. कोळशाकडं पाह्य."

आणि ढकललंत.

कोळसा जमिनीपासून सरळ वर उठला. मला वाटलं होतं तसा मागे वळलाच नाही. तो पुढे पुढे जात उंच गेला, चाकाच्या डोक्यावर पोचला, तिथून पुढच्या बाजूने खाली आला आणि जमिनीला टेकला. टेकला तिथे एक टोक उमटलं. मग परत उठला. तीन वेळा. भिंतीवर तीन मोठ्या कमानी उभ्या राहिल्या, एकीला लागून एक, पुलाच्या असतात तशा. तुम्ही चाक थांबवलंत, घाम पुसलात आणि भिंतीपासून दहा पावलं मागे येऊन माझ्या शेजारी उभे राहिलात. मी काहीच बोलले नाही. आजही वर्गात एखादीला काही पहिल्यांदा कळतं तेव्हा ती तशीच गप्प होते, आणि मी तिला तेवढा वेळ देते. तुम्हीही मला दिला होतात. मग तुम्ही एका टोकाकडे बोट दाखवून म्हणालात, "पाह्य, इथं टेकला का नाई, तेवढ्यापुरता थो उभा राह्यते. चाक चालते, सारी गाडी चालते, पण थो उभा राह्यते. मंग उठते."

हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं, बाबा? मी पुढे कॉलेजात गेल्यावर हे सूत्राने सिद्ध केलं. टेकण्याच्या क्षणी वेग शून्य. तेव्हा मला पूर्ण पान लागलं होतं.

ती भिंत दोन दिवसांपूर्वीच चुन्याने रंगवली होती, कारण त्या आठवड्यात तपासणी होती. मला ते माहीत होतं. त्या रंगाचे थेंब मी माझ्या दप्तरावरून पुसले होते. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही, कारण मला कमानी बघायच्या होत्या. निघताना तुम्ही पंच्याने पुसून पाहिलं. काळं आणखी पसरलं. "उद्या सकायी चुना मारून देतो," म्हणालात. पण उद्या सकाळी लोहार आला, धाव तापवायची होती, ते काम मध्ये सोडता येत नाही.

सोमवारची प्रार्थना. आम्ही सगळ्या ओळीत उभ्या. हेडमास्तर ओट्यावर, त्यांच्या मागे आपल्या तीन कमानी. त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" कोणीतरी म्हणालं, चाकाचं काम आहे, सुतारदादाला विचारा. तुम्हाला बोलावणं गेलं. तुम्ही हातातलं काम लोहारावर सोडून तसेच आलात, बनियनवर, हाताला राख. हेडमास्तर तुमच्यापेक्षा वयाने लहान होते. ते म्हणाले, "ही शाळेची भिंत आहे की तुझ्या दुकानाची? साहेब येणार आहेत उद्या. इथे काय नक्षी काढत होतास?"

तुम्ही म्हणालात, "चुकी झाली मास्तर. आत्ताच्या आत्ता चुना मारून देतो."

"पण केलं कशासाठी?"

तुम्ही हाताची राख पुसत राहिलात. तुम्ही एकदाही माझ्या ओळीकडे पाहिलं नाहीत. मला वाटतं, तुम्ही ठरवून पाहिलं नाहीत. पण हेडमास्तरांना माझं घर माहीत होतं. ते ओळीशी आले आणि मला विचारलं, "तू यांची मुलगी ना? तुला माहीत होतं का?"

मी म्हटलं, "नाही सर."

तुम्ही चार हातांवर उभे होतात. तुम्हाला ऐकू गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "तू होतीस का तिथे?" आणि मी पुन्हा म्हटलं, "नाही. मी घरी होते." दुसऱ्यांदा आवाज अधिक स्पष्ट निघाला, हे मला आजही आठवतं.

आमचे तास सुरू झाले आणि खिडकीतून कुंच्याचा आवाज येत राहिला. पहिल्या हातात कोळसा झाकला जात नाही. तुम्हाला तीन हात द्यावे लागले. त्या दिवशी काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

दुपारच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा आई चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. बोटांवर चुना वाळला होता. आईला बाजूच्या बाईकडून सगळं कळलं होतं. ती तुम्हाला म्हणत होती, "शाळेच्या भितीवर कायले गेलते तुमी? एवढ्या मान्साइत बोलून घेतलं." आणि मग मला बघून, "तुले मालूम होतं का वं?" मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही म्हणालात, "तिले काय मालूम राह्यते. मीच गेलतो." मग माझ्याकडे अंबाडीच्या भाजीचं ताट सरकवलंत. "जेव. शाळेत लवकर जाय."

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं असं मी नंतर पुष्कळदा म्हटलं आहे, मनात. खरं तर तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

पुढे रबरी चाकाच्या गाड्या आल्या आणि तुम्ही दारं-खिडक्या करायला लागलात. मला यवतमाळला शिकायला ठेवलंत. मला नोकरी लागली त्या आठवड्यात तुम्ही बसने दारव्ह्याला आलात, काखेत एक लांब गुंडाळी. आत फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास होता. सागाचा, पितळी स्क्रूचा, खडू घट्ट बसेल अशा खाचेचा. तुम्ही तो माझ्या हातात दिलात आणि लगेच परतीच्या गाडीची वेळ विचारलीत. मी तुम्हाला चहासाठी थांबवलं. तेव्हा बोलता आलं असतं. स्वयंपाकघरात मी पाठमोरी होते, तुम्ही दारात, दोघंच. मी विचारलं, साखर किती घालू. तुम्ही म्हणालात, घाल तुह्या अंदाजानं.

आता या आठवड्याचं सांगते. संगणकावर चाक काढणं सोपं गेलं. एक वर्तुळ, त्याच्या कडेवर एक बिंदू, आणि स्लायडर नावाची एक पट्टी. ती सरकवली की वर्तुळ जमिनीवरून लोळतं आणि बिंदू मागे रेघ सोडत जातो. अवघड झालं ते चित्र बाहेर काढणं. पहिल्यांदा पूर्ण पडदाच बाहेर आला. चाक एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं, बाकी सगळं पांढरं. मग हवा तेवढाच चौकोन निवडायला शिकले. दुसऱ्यांदा मी पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली, म्हणजे कुठल्याही रंगाच्या पानावर चालेल. मोठ्या उत्साहाने ग्रुपवर पाठवलं. नेरच्या एका तरुण शिक्षिकेचा फोन आला, "मॅडम, चित्र कोरंच आलं." तिच्या मोबाइलचा पडदा काळा ठेवलेला होता. काळ्यावर माझी काळी रेघ. मी पार्श्वभूमी परत पांढरी केली. चुन्यासारखी पांढरी, असा शब्द माझ्या डोक्यात आला आणि मी थोडा वेळ उठून बाहेर जाऊन आले.

छापायच्या चित्राचा प्रश्न त्याहून मोठा. स्थिर चित्रात चाक कुठे थांबवायचं? जमिनीला टेकलेलं घेतलं तर कमान दिसत नाही, वर थांबवलं तर टोक कळत नाही. कुठेही थांबवलं तरी मुलं म्हणणार, हे तर नुसतं वर्तुळ आणि एक वाकडी रेघ. शेवटी एकाच चित्रात नऊ चाकं ठेवली, आठ फिक्कट आणि एक गडद, आणि प्रत्येकावर ठिपका. ते करताना दिसलं की सारख्या अंतराने चाकं ठेवली तरी ठिपके सारख्या अंतरावर पडत नाहीत. जमिनीजवळ ते दाटीवाटीने येतात आणि वर कमानीच्या माथ्यावर लांब लांब पांगतात. तुमचा ठिपका खाली उभा राहतो तो असा, बाबा. मला आठवतं तशी तुमची कोळशाची रेघही खाली जाड होती आणि वर पुसट. कदाचित भिंतच खाली खडबडीत असेल. मी काही त्यावर सूत्र बसवत नाही.

हलत्या चित्रात वेगळीच अडचण. फ्रेमा कमी घेतल्या तर चाक उड्या मारत जायचं, जास्त घेतल्या तर फाइल एवढी जड की खेड्यातल्या मोबाइलवर उघडायची नाही. मध्यम धरल्या. आणि ते पुन्हा पुन्हा आपोआप चालू राहत होतं. तीन कमानी पूर्ण झाल्या रे झाल्या की सगळं पुसलं जायचं आणि चाक झटकन डावीकडे जाऊन परत सुरू. मला ते पाहवेना. एक खूण काढून टाकली की चित्र एकदाच चालतं आणि शेवटी थांबतं. मी ती काढली. सोबतचे शिक्षक म्हणाले, मॅडम, चालू राहू द्या, मुलांना मजा येईल. मी म्हटलं, ज्याला परत पाहायचं तो परत उघडेल. तीन कमानी भिंतीवर राहू द्या.

मी भिंतीवर म्हटलं, पडद्यावर म्हणायच्या ऐवजी. त्यांनी विचारलं, कुठली भिंत? म्हणून मग सांगावं लागलं. परवा यवतमाळला कार्यशाळा होती, त्यात माझं चित्र दाखवलं तेव्हाही सगळ्यांसमोर सांगितलं. दुकान, धाव, खडूचा ठिपका, रविवार, कोळसा. पुस्तिकेत चित्राखाली ओळ घालायचं ठरलं: ही वाट राळेगावच्या एका सुताराने चाक भिंतीवर फिरवून आपल्या मुलीला दाखवली. नेरची ती शिक्षिका उठून माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते. तिने विचारलं, "मग शाळेने काय म्हटलं तुमच्या बाबांना?"

मी म्हटलं, "काही नाही. बाबांनी परत चुना मारून दिला."

ती म्हणाली, "किती छान." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मी स्वतःला समजावत होते की कार्यशाळा गणिताची होती, तिथे ते सांगायचं कारण नव्हतं. दारव्हा आलं तेव्हा ते समजावणं मला पटेनासं झालं होतं, आणि म्हणून हे लिहायला घेतलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे तर उघड आहे. पण तुम्ही असतात तरी, बाबा, ते तुमच्यापर्यंत पोचलं असतं की नाही याची मला शंका आहे. तुम्हाला आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. मामाचं पत्र असो की सोसायटीची नोटीस, घरात आलेला प्रत्येक कागद मीच मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. हेही मीच वाचून दाखवलं असतं. दुकान वाचलं असतं, कमानी वाचल्या असत्या, कंपासाचं वाचलं असतं. आणि "नाही सर" ही ओळ आली असती तेव्हा, मी स्वतःला ओळखते, माझा आवाज ती गाळून, जराही न अडखळता पुढच्या ओळीवर गेला असता.